नाव ठेवण्यापूर्वी

दैदच्या रस्त्याला शारजा मागे पडलं की
वाळूत एक काचेचा घुमट लागतो,
त्यात पाऊस. वेळापत्रकाप्रमाणे.
बाहेर रात्री दोनला अडतीस अंश, आत सव्वीस.
परक्या खंडातली झाडं गळ्यात पितळी पाट्या घालून उभी,
काही खोडं तर निव्वळ फायबरची;
त्यांच्यावरही शेवाळ धरलंय,
शेवाळाला कोण सांगणार.

धुक्याचे पंप चाळीस मिनिटं चालतात,
मग अकरा मिनिटं गप्प.
त्या अकरा मिनिटांत मी डबा खायची,
जूनच्या सतरा तारखेपर्यंत.

तीन ठोके. श्वास. तीन ठोके.

आमच्या यादीत आवाज करणारे जीव नऊ,
सगळ्यांना आकडे, पाखरांच्या पायांत कड्या.
हा दहावा.

सुकुमारन म्हणाला, चीवीडु.
रोदेलियो म्हणाला, कुलिगलिग, आणि हसत सुटला,
त्यांच्या गावी शेतातल्या हातट्रॅक्टरलाही हेच म्हणतात.
पहाऱ्यावरचा इद्रिस म्हणाला, सरसूर,
तोच शब्द झुरळाला, ह्याला फक्त रात्र जोडायची.
मी म्हटलं, रातकिडा.
म्हणजे आम्हीही रात्र जोडूनच मोकळे.

पण हे काही नाव नव्हे. नावासाठी
गुडघ्यांवर यावं लागतं.
टॉर्चला लाल जिलेटीन बांधून मी चौथ्या रात्री आले,
नेच्याच्या कुंडीमागे, ओल्या भिंतीला गाल लावून.
जवळ गेलं की तो गप्प. मग मीही गप्प.
असं आमचं सहा रात्री चाललं.

गवताच्या काडीचा रंग.
दोन डोळ्यांमधून एक काळसर पट्टा, मानेवर दुसरा.
पंख आखूड, अर्ध्या पोटावरच संपलेले,
तेवढ्यावरच एवढा आवाज.
कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली.
(कोल्हापुरात प्रॅक्टिकलला हे सांगितलं तेव्हा
पाठीमागचा बाक खिदळला होता.
मी नाही. मी माझा गुडघा चाचपून पाहिला होता.)
मागचा डावा पाय नाही.

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, नवीन असेल.
कुठल्याशा रोपाच्या मातीतून, जहाजाच्या पोटातून,
अजून कुणीच न पाहिलेला.
तीन दिवस मी मनातल्या मनात
लॅटिन जुळवत होते,
आडनाव शेवटी कसं दिसेल, गवाणकर, ते बघत.

मग गुरुवार आला. गुरुवारी खाद्याची गाडी येते.
अंड्यांच्या ट्रेमध्ये हजार हजार,
सरड्यांसाठी, पाखरांसाठी.
मी एक खोका कानाशी धरला.
तीन ठोके. श्वास.
काडीचा रंग, दोन पट्टे, आखूड पंख.
खोक्यावर वजन छापलेलं, आणि संपायची तारीख.

पाय कुठे गेला ते आता कळलं.
धरलेला पाय धरणाऱ्याच्या तोंडात सोडून
हा निघून आला होता.

नोंदीच्या कागदावर तीन रकाने:
प्रदर्शन. खाद्य. उपद्रव.
माझ्या ओळखपत्रावर लिहिलंय, आर्द्रता सहायक;
तेही कुणीतरी रकाना बघूनच भरलं असणार.
नाव तर मिळालं, पुस्तकातलं, बरोबर स्पेलिंगसकट.
नावं ठेवायला तर रोदेलियोही पुढे,
"अगं, सरड्याचं जेवण ते, त्यासाठी सहा रात्री?"

सातव्या रात्री मी पुन्हा गेले.
त्याचं असं आहे:
पहिले तीन ठोके नेहमी जरा बेसूर,
चौथ्या मिनिटाला तो लागतो.
सव्वीसच्या खाली उतरलं की मंदावतो.
आणि पंप सुरू व्हायच्या अर्धा क्षण आधी
थांबतो. पाण्याच्या आधी. दर वेळी.
पाइपातली थरथर त्याला जमिनीतून कळते की
अकरा मिनिटं तो मोजतो, अजून ठरलेलं नाही.

म्हणून काल मी कळ फिरवून अकराची तेरा केली.
बघायचं होतं.

तो अकराला थांबला.
वाट पाहिली.
मग काचेखालच्या त्या दोन कोरड्या मिनिटांत
पुन्हा बेसूर सुरुवात केली.

कागद अजून कोराच आहे. सकाळी मागतील.